लांडगिणीचा पान्हा

मुलगी पाच महिन्यांची झाली तेव्हा माझी बाळंतपणाची रजा संपली आणि मी धारूरच्या अलीकडच्या गुरांच्या दवाखान्यात पुन्हा हजर झाले. मी पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे डॉक्टर नव्हे. पण आमच्या डॉक्टरसाहेबांकडे तीन दवाखान्यांचा कारभार होता, त्यामुळे आसपासच्या गावांत लोक मलाच डॉक्टर समजायचे. मुलगी माहेरी, युसूफ वडगावला, माझ्या आईजवळ होती. सकाळी तिला पोटभर पाजून मी स्कूटीवर निघायची. तासाभराचा रस्ता. दुपार कलली की छाती दगडासारखी व्हायची, ब्लाऊजच्या आत ठेवलेल्या सुती घड्या भिजायच्या, आणि साडेचारनंतर मला कुणाचं काही ऐकूच यायचं नाही. फक्त घर दिसायचं.

अशाच एका साडेचारला तो शेतकरी आला. दवाखान्याच्या मागेच त्याची शेती होती. माणूस भला. उन्हात माझी स्कूटी तापते म्हणून स्वतःच्या गोठ्याच्या सावलीत लावायला सांगणारा. मी हेल्मेट घालून किल्ली फिरवली होती.

"मॅडम, एक इचारायचं व्हतं," तो म्हणाला. "पिसाळल्यावानी कुत्रं फिरायलंय आमच्याकडं. दोन शेरडं फाडली. काय घालावं, म्हंजी एका घासात जाईल?"

मी औषधाचं नाव सांगितलं. कशात घालायचं तेही सांगितलं. एवढं बोलायला मला अर्धं मिनिटही लागलं नसेल. मग मी स्कूटी काढली आणि घाटाला लागले.

आज मला त्या प्रश्नातला प्रत्येक शब्द आठवतो. पिसाळलेलं कुत्रं दिसेल त्याला चावत सुटतं, शेळी फाडून खात बसत नाही. हे मला माहीत होतं. शेतांपलीकडच्या माळावर लांडग्यांचा वावर आहे हेही माहीत होतं. कुत्रं कुठलं, कुणाला चावलं, लाळ गळते का, एवढं तरी विचारणं माझं कामच होतं. पण त्या वेळी माझ्या अंगातून दूध ठिबकत होतं आणि मला जायचं होतं.

लांडग्यांचा वावर मला कळला होता तो एका धनगर म्हातारीकडून. दिवाळी झाली की तिचं कुटुंब दोनेकशे मेंढरं घेऊन त्या माळाच्या कडेला येऊन बसायचं आणि शिमग्यापर्यंत राहायचं. म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. लहान मुलं गावाकडे शाळेत. रजेच्या आधीच्या वर्षी मी तिथे लसीकरणाला गेले होते तेव्हा एक कोकरू हरवलं होतं. मी सहज म्हणाले, "लांडग्यानं नेलं का?" सुनेनं झटकन माझा दंड धरला.

"नाव नगा घेऊ, बाई. पाव्हणा म्हना."

म्हातारी हसली. तिला दात नव्हते. मेंढरांच्या वाघरीजवळ, म्हणजे रात्री कळप कोंडायच्या जाळीजवळ, ती घोंगडं पसरून बसली होती. तिनं मला जवळ बसवून सांगितलं की त्यांच्या घराण्यात जो माणूस मेंढरांच्या मागं मरतो तो कुठं जात नाही. तो पाव्हण्याच्या कळपात जातो आणि मेंढरांच्या मागंच चालत राहतो. तिचा नवरा या माळावर उन्हानं चक्कर येऊन पडला, तो उठलाच नाही. वर्षातलं पहिलं कोकरू गेलं तर ती रडत नाही, दगड भिरकावत नाही. "त्यानं जल्मभर राखली की गं मेंढरं. येक त्याला नको का?"

आणि कधी कधी, सून हळूच म्हणाली, आत्याबाईंच्या अंगात पाव्हणा येतो.

मी मान डोलावली आणि सिरिंज भरायला लागले. आमचं घर छप्पन सालीच दीक्षा घेतलेल्यांतलं. माझे वडील शाळामास्तर होते. बावीस प्रतिज्ञा आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. लहानपणी गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, ती केस सोडून घुमायला लागली की सगळी पोरं भोवती जमायची. वडील येऊन आम्हाला हाताला धरून घरी न्यायचे. रागवायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "आजारी माणसाकडे टक लावून बघू नये." त्यामुळे असं काही ऐकलं की मी ते आजारपणाच्या खात्यात टाकून मोकळी व्हायची.

त्या शेतकऱ्याच्या प्रश्नानंतर पाचव्या दिवशी डॉक्टरसाहेबांचा फोन आला. माळाच्या ओघळीत लांडगा मेलेला सापडलाय, वनरक्षक घेऊन येतोय, शवविच्छेदनाला या.

वनखात्याच्या रोपवाटिकेतल्या बाभळीखाली ताडपत्री अंथरली होती. लांडगीण होती ती. वाळलेल्या गवताच्या रंगाची, पाठीवर काळसर केसांचा पट्टा. मी लांडगा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. पाय किती लांब आणि किती बारीक असतात, हे तेव्हा कळलं. तोंडाशी फेस वाळला होता. पुढच्या पंज्यांनी तिनं जमीन उकरली असावी, नखांत माती होती.

साहेब बाजूला बसून लिहून घेत होते, सुरी माझ्या हातात होती. तिला उताणी केली तेव्हा मला सड दिसले. भोवतालचे केस झडलेले, सड ताणलेले. मी एक दाबला. पातळ, पांढरं दूध माझ्या हातमोज्यावरून मनगटाकडे ओघळलं. थंडगार होतं.

आणि त्याच क्षणी मला पान्हा फुटला. दुपारी असतो तसला ताण नव्हे. बाळ रडल्यावर जशी झणझणीत कळ येते तशी दोन्ही बाजूंनी आली आणि घड्या, ब्लाऊज, वरचा हिरवा अ‍ॅप्रन सगळं भिजलं. तिथे चार पुरुष होते. साहेबांनी वहीत मान घातली. "मॅडम, तुम्ही थोडं बसा," ते म्हणाले. मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा उठले नसते.

पोट उघडलं. आत शेळीच्या मांसाचे न चावलेले तुकडे होते आणि त्यांना एक वास होता. फवारणीच्या दिवसांत सगळ्या शिवारात असतो तो. त्या वासानं माझं डोकं जागेवर आलं. साडेचार वाजले होते, हेल्मेट होतं, किल्ली फिरवलेली होती, आणि मी नाव सांगितलं होतं.

साहेबांनी नमुने बरणीत भरून सील केले. नियमाप्रमाणे तिला तिथेच जाळलं. लाकडं ओली होती, बराच वेळ नुसता धूर होत राहिला.

"पिल्लं आहेत," मी वनरक्षकाला म्हणाले. "महिन्या-दीड महिन्याची असतील. बीळ शोधायला पाहिजे."

तो तरुण आणि कामसू होता. माळ केवढा आहे ते त्यानं हातानं दाखवलं. "कुठं शोधायचं, मॅडम?"

मला म्हातारी आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. ऊन चांगलं तापलं होतं. मुलगा मेंढरं घेऊन गेला होता, सून चुलीपाशी होती. म्हातारी घोंगड्यावर बसली होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. वनरक्षकानं दोनदा विचारलं, "आजी, बीळ कुठंय?" मग मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

"आजी, तिला दूध होतं. पिल्लं उपाशी मरतील."

तिनं माझ्याकडे तोंड वळवलं आणि नाक फुगवलं.

"पाजतीस?"

"हो."

ती पुढं झुकली आणि तिचा श्वास बदलला. आधी लांब होता, मग आखूड आखूड झाला, उन्हात धापणाऱ्या जनावरासारखा. वरचा ओठ हिरड्यांवरून मागं सरकला. घुमणं नाही, केस सोडणं नाही, आरडाओरडा नाही. तिनं दोन्ही हात जमिनीवर टेकले. घशातून बारीक, ओढलेला आवाज आला. कुत्री पिल्लांना बोलावताना काढते तसा. सून चूल सोडून उठली आणि हात जोडून उभी राहिली.

म्हातारीनं माझा उजवा हात हुंगला. कालपासून तो हात मी साबणानं किती वेळा धुतला होता त्याला गणती नाही. मग तिनं माझी छाती हुंगली, अगदी जवळून, मग पुन्हा हात. दोन्हीचा मेळ बसत नसल्यासारखी ती बराच वेळ हातावरच थांबली. मग तिनं माझं मनगट तोंडात धरलं आणि दाबलं. दात नव्हते, तरी मी कळवळले. मी टक लावून बघत होते. वडिलांचं वाक्य मला आठवत होतं आणि मला नजर काढता येत नव्हती.

तिनं मनगट सोडलं, उठली आणि चालायला लागली. एरवी गुडघे धरून उठणारी सत्तरीची बाई. दगडगोट्यांवरून, बोरीच्या काट्यांतून ती अनवाणी अशी निघाली की वनरक्षकाला आणि मला पळावं लागलं. पाण्याची बाटली घेऊन सून मागून. म्हातारी ओघळ उतरली, पलीकडच्या अंगानं वर गेली आणि तरवडाच्या झुडपापाशी दरडीला खाली बसली. तिथून कलंडली ती निपचितच पडली.

झुडपामागं बीळ होतं. तोंडाशी एक पिल्लू मरून पडलं होतं. मुंग्या लागल्या होत्या. मी पालथी पडून मोबाईलचा उजेड आत टाकला. अगदी शेवटाला डोळे चमकले. तीन जोड्या.

वनरक्षक वरच्यांना फोन लावायला टेकाडावर गेला. पिल्लं उचलून न्यायची असंच तिकडून बोलणं चाललं होतं. तेवढ्यात म्हातारी जागी झाली. सुनेनं तिला पाणी पाजलं. तिनं डोळ्यांवर हात धरून इकडं तिकडं पाहिलं.

"कुटं आनलंय गं मला?" तिनं विचारलं. मग बीळ दिसलं आणि ती घाईनं उठून मागं सरकली. "चला हितून. हात लावू नका. बाप हाय त्यांचा. तुमी हितं बसलाव तर त्यो यायचा न्हाई."

ती इतकी खात्रीनं बोलली की वनरक्षकानं वरच्यांकडून संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. त्या दोघी परत गेल्या. आम्ही दोघं समोरच्या उंचवट्यावर, खडकाआड बसलो. जेवण नाही. माझी छाती भरली, ठणकली. खडकाआड एका बाजूला जाऊन मी दूध मातीत पिळून टाकलं. घरी मुलगी वरच्या दुधावर असेल हे कळत होतं, पण तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

पाचच्या पुढे तो आला. आधी नव्हता, मग होता. मधलं काही दिसलंच नाही. तिच्यापेक्षा मोठा, मान खाली घालून चालणारा. बिळाशी जाऊन तसलाच बारीक आवाज काढला. पिल्लं धडपडत बाहेर आली आणि त्याच्या तोंडाला झोंबली. त्यानं पोटातलं मांस ओकून टाकलं, ती तुटून पडली. वनरक्षकानं माझा हात दाबला. तो रडत होता, मला वाटतं.

पण नर तिथं थांबला नाही. पिल्लं खात होती तेवढ्यात त्यानं मेलेलं पिल्लू हुंगलं, मग जमिनीला नाक लावून ओघळीत उतरला. ती जिथे सापडली होती तिथपर्यंत गेला. तिथून पुढं तिला जीपमधून नेलं होतं, त्यामुळे माग तिथेच तुटत होता. त्यानं भोवती एक फेरी घेतली. दुसरी घेतली. मग रोपवाटिकेच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. मला वाटलं आता हा आरोळी देणार. मी कानात बोटं घालायच्या तयारीत होते. त्यानं तोंड उघडलंच नाही. अंधार पडायला लागला तेव्हाही तो तसाच उभा होता आणि आम्ही मागच्या मागं सरकत निघालो.

घरी पोचले तर मुलगी रडून रडून लाल झाली होती. मी हातपाय धुऊन तिला छातीशी घेतलं. ती ओढायला लागली आणि काहीच आलं नाही. तिनं तोंड काढून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ओढलं. त्या दिवसापासून मला दूध आलं नाही. अंबाजोगाईला डॉक्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, कामाचा ताण, जागरण, होतं असं. गोळ्या दिल्या. आईनं हाळिवाची खीर, शेपूची भाजी सगळं करून पाहिलं. काही झालं नाही. मुलगी वरच्या दुधावर वाढली आणि छान वाढली. तिला काहीही झालेलं नाही, हे मी स्वतःला सांगत असते.

त्यानंतर आठवडाभरानं तो शेतकरी दवाखान्यात आला. हातात हुरड्याच्या कणसांची पिशवी.

"मॅडम, लेकराच्या आईला," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "तुमी सांगितलेलं लई बेस निघालं. शेरडं निवांत हायत आता."

मी पिशवी घेतली. फेकून दिली असं सांगायला मला आवडलं असतं. मी ती स्कूटीला अडकवून घरी नेली, आईनं हुरडा भाजला, लसणाच्या चटणीसोबत सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला.

तपासणीचा अहवाल आला, विषबाधा म्हणून. वनरक्षकानं गावात चौकशी केली, कुणी बोललं नाही. मलाही विचारलं, "मॅडम, दवाखान्यात कुणी काही बोललं होतं का?" मी म्हणाले, "आठवत नाही." पंचशीलातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. दर पौर्णिमेला विहारात मी ते मोठ्यानं म्हणते. त्या पौर्णिमेला माझे ओठ हलले, आवाज निघाला नाही. शेजारी उभ्या असलेल्या वडिलांनी वळून पाहिलं.

शिमगा जवळ आला. मेंढरं हलणार असं कळलं तशी मी एका दुपारी म्हातारीकडे गेले. ती एकटीच लोकर निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. साडेचार, स्कूटी, औषध, हुरडा. तिचे हात थांबले नाहीत.

"आजी, त्या दिवशी तुम्ही माझा हात हुंगला. तेव्हाच कळलं होतं का तुम्हाला?"

"त्या दिसाचं मला काईच ठावं न्हाई, बाई. बिळापाशी डोळं उगडलं तितनं फुडचं ठावं."

मग तिनं विचारलं, "गार्डाला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कावून सांगायलीस?"

तिनं मला बस म्हटलं नाही, चहा टाकायला कुणाला हाक मारली नाही. मी निघाले.

त्या संध्याकाळी मी वडिलांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"सांगून ये," ते म्हणाले.

"माझी नोकरी?"

"ते नंतर बघू."

मी वनखात्याच्या कचेरीत जाऊन जबाब लिहून दिला. त्या शेतकऱ्याला बोलावलं गेलं. बाहेर रस्त्यावर तो मला भेटला. रागात नव्हता, नुसता गोंधळलेला होता. "मॅडम, आमी तर कुत्र्याचं इचारलं व्हतं," तो म्हणाला. "नाव तर तुमीच सांगितलं." त्यात खोटं काही नव्हतं. मी तेच जबाबात लिहिलं होतं. कागद पुढे गेले. त्यांचं काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. बदल्या होतातच. पावसाळ्यात वनरक्षकाचा फोन आला होता. नराबरोबर दोन पिल्लं हिंडताना त्यानं पाहिली होती. तिसऱ्याचं त्याला माहीत नव्हतं.

मी अजून ते आजारपणाच्याच खात्यात टाकते. म्हातारीला बीळ आधीपासून ठाऊक होतं. माळावर आयुष्य काढलेल्या बाईला ते ठाऊक नसेल तरच नवल. बाळंतिणीच्या अंगाला दुधाचा वास येतो, हाताला साबणाचा आणि त्याखाली आणखी कशाचा तरी येत असणार. सगळं सरळ आहे. तरीही हातमोजा चढवताना भर दुपारी, चार माणसांत, मनगटावर त्या हिरड्या दाबल्या जातात आणि मला तो हात क्षणभर खाली सोडावा लागतो.

यंदा दिवाळीनंतर एका कामानं धारूरला गेले होते. बाजारात मिरच्या घेताना म्हातारीची सून दिसली. मी ओळख दिली. तिनं आधी मुलीची चौकशी केली, मग सांगितलं की आत्याबाई गेल्या. कुठं, ते मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं: माळावर, मेंढरांच्या मागं.

"आणि ते... अंगात यायचं?"

तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. "आता माज्या येतं."

मिरचीवाल्यानं तागडी उचलली, तिनं पिशवी पुढं धरली. मी विचारलं, "काय म्हणतं?"

"बोलत न्हाई कदीच," ती म्हणाली. "येतं अन् वाटंकडं बगत बसतं." मग तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पिशवी डोक्यावर ठेवली आणि गर्दीतून मेंढरं जिकडं बसवली होती तिकडं निघून गेली.